आटवलेला काढा

“म्हणजे तुमच्याकडे औषध नाही, असंच ना बाबा?”

विचारणारा रंगनाथ स्वतः वैद्य होता. आसपासच्या गावांतली माणसं सकाळपासून त्याच्या ओसरीवर येऊन बसत. त्याची बायको वेणू वैशाखात गेली. आता थंडी पडू लागली होती. ज्या उद्धवबाबांकडे तो झाडपाला ओळखायला शिकला, त्यांच्याच डोंगरावरच्या खोपटात तो पुन्हा आला होता.

“तू काय काय घेऊन पाहिलंस?”

“ब्राह्मी घेतली. शंखपुष्पी घेतली. रात्री तळपायांना तूप चोळलं. झोप लागते.”

“मग?”

“मग सकाळ होते.”

बाबा चुलीत काटक्या सारत राहिले.

“सकाळी काय होतं?”

“काही नाही... जेवायला बसलो की हात थांबतो. ती म्हणायची, ‘वैद्यबुवा, जगाला पथ्य सांगता आणि स्वतः चोरून लोणचं खाता!’ आता बरणी समोरच असते. कुणी ओरडत नाही...”

“मग खात असशील पोटभर.”

“घशाखाली उतरत नाही.”

बाबा हसले. रंगनाथला ते हसणं आवडलं नाही.

“तुम्हाला काय कळणार? तुम्ही सगळं सोडून इथे येऊन बसलात. मला हे दुःख मुळापासून जायला हवं. थेंबही उरायला नको.”

“थेंबही नको?”

“नको.”

“बरं. ती जटामांसी घे. काढा ठेव.”

रंगनाथने मुळ्या कुटून मडक्यात टाकल्या, वर पाणी ओतलं. काढ्याचा नियम त्याला पाठ होता. आच मंद ठेवायची, पाणी आटू द्यायचं आणि आठवा हिस्सा उरला की उतरवायचं.

दोघं चुलीपाशी बसले. ऊन दारातून सरकत बाहेर गेलं.

वास आधी ओल्या मातीसारखा आला. मग कडवट. मग तो दाट झाला आणि रंगनाथने मान वळवली.

“काय झालं?”

“ती केसांच्या तेलात हीच घालायची...”

बाबांनी चुलीतली राख मागे ओढली.

थोड्या वेळाने रंगनाथने मडक्यात डोकावून पाहिलं.

“झाला. उतरवतो.”

“कशाला? अजून आहे की त्यात.”

“वाटीभरच राहिलाय बाबा.”

“तोही जाऊ दे.”

“करपेल!”

“थेंबही नको म्हणालास ना?”

बाबांनी चुलीत जाडसं लाकूड सारलं. जाळ वर आला. मडक्याच्या तळातून चर्र आवाज झाला.

रंगनाथने फडकं शोधलं नाही. दोन्ही हातांनी मडकं उचललं आणि जमिनीवर ठेवलं.

“वेड लागलंय का तुम्हाला? पाणी जायचं ते गेलं. औषध म्हणून एवढंच तर उरतं!”



रंगनाथ मडक्यावर वाकला. वाफ त्याच्या चेहऱ्यावर येत होती. त्याने चेहरा बाजूला घेतला नाही. बराच वेळ तो तसाच, डोळे मिटून, श्वास घेत राहिला...

बाबांनी पाण्याचं तपेलं जवळ ओढलं आणि त्याची भाजलेली बोटं त्यात धरून ठेवली. रंगनाथने हात सोडवून घेतले नाहीत.

“बाबा, पुढच्या थंडीत हा वास मला आठवेल ना?”

बाबांनी काढा गाळला. वाटी जेमतेम भरली. ती त्यांनी रंगनाथच्या हातात दिली.

त्याने वाटी ओठांपाशी नेली.

तेवढ्यात बाबांनी आपली ओंजळ पुढे केली. वाटीतल्या वाफेचा वास येताच त्यांनीही डोळे मिटले.

“रंगा... अर्धा मला दे.”