धरलेली जागा

“पण मग ती येत का नाही?”

ओगलेसरांनी रोशनशा फकिराला विचारलं. विचारलं कसलं, जाबच विचारला. सरांची सगळी हयात पोरांना गणित शिकवण्यात गेली होती. उत्तर येत नाही म्हणजे मधली एखादी पायरी चुकलीय, एवढंच त्यांना ठाऊक.

गावाबाहेरच्या दर्ग्यात फकीर एकटाच राहायचा. उन्हाळा सुरू झाल्यापासून सर गावात खोली घेऊन राहिले होते आणि रोज त्याच्याकडे येत होते. फकिरानं सांगितलं नव्हतं तेही सगळं त्यांनी करून पाहिलं होतं. जप झाला, मौन झालं, रात्रीचं जेवण सुटलं. त्यांची बायको, विमल, हिवाळ्यात गेली होती. ती एकदा, फक्त एकदा, जवळ असल्यासारखी वाटावी, इतकंच त्यांचं मागणं होतं.

“मी रोज तिथं जाऊन बसतो. आमच्या नेहमीच्या बाकावर. मन एकाग्र करतो.”

“मग?”

“मग काय! काहीच नाही.”

फकीर आपली पावलं चोळत राहिला.

“तुम्ही स्वतः चला, बाबा. बघा आणि माझं काय चुकतंय ते सांगा.”

फकिरानं आधी सरांकडे पाहिलं, मग स्वतःच्या सुजलेल्या पावलांकडे. आणि मुकाट्यानं चपला चढवल्या.

घाटमाथ्यावरचं ते पाणथळ उद्यान दर्ग्यापासून फार लांब नव्हतं. मधोमध दलदल, तिच्यात माणसाच्या उंचीची पाणकणसं, त्यांच्यातून पलीकडे जाणारा लाकडी पूल. खाली गावोगाव मे महिना भाजून काढत होता, इथं मात्र अंगावर गार वारा येत होता. पुलापलीकडचा सगळा उतार निळा झाला होता. लांब हिरव्या दांड्यांवर निळ्या फुलांचे गोल गुच्छ, आणि वारा आला की सगळे एकदम डोलायचे. त्यांच्याभोवती माणसांची ही गर्दी. जो तो फोटो काढतोय.

दलदलीच्या अलीकडे एक बाक होता.

सर बाकाच्या डाव्या टोकाला बसले. खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला, उलगडला आणि शेजारी नीट पसरला. एसटीच्या खिडकीतून हात घालून जागा धरतात, तसा.

फकीर बसायला वाकला.

“तिथं नको!” सर ओरडलेच. “तिची जागा आहे ती.”

“माफी करा, ताई,” फकीर रुमालाला म्हणाला आणि काठीवर भार देऊन उभा राहिला.

सर ओशाळले. पण रुमाल काही त्यांनी उचलला नाही.

“कंची फुलं म्हनायची ही?” फकिरानं विचारलं.

“अगॅपॅन्थस. मूळची आफ्रिकेतली.” सरांचा आवाज वर्गातला झाला. “हिला ते नाव शेवटपर्यंत आलं नाही. निळी झुंबरं म्हणायची. मी दर वर्षी सुधारायचो, ही दर वर्षी झुंबरंच म्हणायची.”

“दर साली यायचा व्हय?”

“लग्न झाल्यापासून. उन्हाळ्याच्या सुटीत चार दिवस. सुटी लागायच्या आधीपासून हिच्या डोळ्यांपुढे ही फुलं नाचायची.”

“आन् हितंच बसायचा?”

“याच बाकावर. मी इथं, या टोकाला. पेपर घेऊन.”

“आन् ताई हितं.” फकिरानं काठीनं रुमाल दाखवला.

सरांनी मान हलवायला घेतली...

ती अर्ध्यावरच थांबली.

पाणकणसांतून एक जांभळी पाणकोंबडी बाहेर आली, मान पुढेमागे करत चिखलातून चालत गेली. सर तिच्याकडे बघत राहिले.

“नाही,” ते म्हणाले.

“काय नाही, गुरुजी?”

“ती बसायची नाही. आल्याआल्या पूल ओलांडून पलीकडे पळायची. फुलांपाशी. पिशवी तेवढी इथं टाकायची, माझ्याजवळ.”

“आन् तुमी?”

“मी बसायचो.”

“पेपर घिऊन.”

“हो.”

फकिरानं पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. सरांना आपल्याआपणच बोलावं लागलं.

“तिकडून हात करायची. अहो, या ना, जवळून बघा ना... लोकांदेखत मोठ्यानं हाका मारायची. मला लाज वाटायची. मी इथूनच म्हणायचो, दिसतात इथून. मग परत येऊन मलाच सांगत बसायची. एकेका झुंबरात किती कळ्या, कुठली उमललीय, कुठली राहिलीय. मी हूं हूं करायचो.”

“गेल्या साली?”

“गेल्या वर्षी तिला धाप लागत होती. पुलापर्यंत गेली, कठड्याला धरून उभी राहिली. वळून म्हणाली, आज तरी चला, मला एकटीला नाही जमायचं.”

फकिरानं पुलाकडे पाहिलं.

“मी कोडं सोडवत होतो, बाबा. म्हटलं, पुढच्या वर्षी.”

गणिताच्या या माणसाला चारचौघांत रडू आवरेना, आणि डोळे पुसायला खिशात रुमालही नव्हता. रुमाल जागेवर पसरलेला. सरांनी शर्टाची बाही डोळ्यांना लावली.

पलीकडे कुणी तरी मोठ्यानं हसलं. सरांनी चटकन मान वर करून पाहिलं. भलतीच कुणी बाई होती.

“गुरुजी, पूल हाय अजून.”

“माहीत आहे.”

“रोज येता, तर तिकडं गेला न्हाई कदी?”

“नाही.”

“गुडगं दुखत्यात?”

“गुडघे ठणठणीत आहेत माझे!” सर एकदम उसळले. मग आवाज पार खाली गेला. “इथं बसलं की वाटतं, ती तिकडंच आहे. गर्दीत दिसत नाही इतकंच. आत्ता हाक मारील. तिकडं गेलो... आणि तिथंही ती नसली, तर मग मी परत येऊन बसायचं कशाच्या आशेवर? हा बाकसुद्धा जाईल हो माझा.”

फकिरानं काठी काखेत धरली.

तो वाकला. रुमाल अलगद उचलला, झटकला, चार घड्या केल्या आणि सरांच्या हातात दिला.

मग काठी बाकाला टेकवून ठेवली आणि त्या मोकळ्या जागेवर ऐसपैस बसला.

“बाबा, ती जागा...”

वारा आला. पलीकडची सगळी झुंबरं एकदम डोलली.

सर उभे राहिले होते. कधी, ते त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी एकदा पुलाकडे पाहिलं, एकदा बाकाकडे.

फकिरानं आपली सुजलेली पावलं वर उचलून घेतली, मांडी घातली आणि सरांच्या टोकावर स्वतःची झोळी ठेवली.

“जाऊन या, गुरुजी. तवर जागा मी धरतो.”