कापलेला नाडा

केशवगिरी महाराज त्या साली सावरदऱ्याला ओढ्याकाठच्या धर्मशाळेत उतरले होते. दर्शनाला गाव लोटायचा, पण महाराजांची नजर शोधायची ती येसबाला. हा येसबा वेशीबाहेर राहून घायपाताच्या वाखाचे, म्हणजे धाग्यांचे, दोर वळणारा. एके काळी असा तापट, की घरची माणसेही त्याला दबकून असत. रोज भांडण आणि रोज पश्चात्ताप. एकदा तो महाराजांपुढे रडला, तेव्हा महाराज म्हणाले, "वाख वळताना नाम घे. मन रागात गेलं, की तेवढा दोर उलगड. मन परत आण आणि पुन्हा वळ."

येसबाने ते मनोभावे धरले. मोटेचा एक नाडा, म्हणजे विहिरीतून पाणी ओढायचा जाड दोर, वळायला त्याला महिने लागू लागले. लोक हसले, आणि सगळ्यांत जास्त हसले गावचे धनाढ्य रंगराव मोकाशी.

"एवढं करून तुला मिळालं काय रे, येश्या?"

"झोप लागती, मालक," येसबा म्हणाला.

हे उत्तर रंगरावांना झोंबले. गाद्यागिरद्यांवर तळमळणाऱ्याला ते झोंबणारच. येसबाने पुरा झालेला नाडा महाराजांपुढे आणून ठेवला, तसा रंगरावांनी कोयता मागवला आणि सगळ्यांदेखत नाड्याचे दोन तुकडे केले. "बघू तरी, मन किती ताब्यात आलंय ते."

मंडळी, काय म्हणावे या माणसाला! दुसऱ्याच्या घामावर कोयता चालवायचा आणि वर त्याचीच परीक्षा घ्यायची? आणि गावाने काय केले? गाव फिदीफिदी हसला. येसबाच्या मुठी आवळल्या, कानशिले तापली. मग त्याने एक तुकडा उचलला आणि मुकाट्याने घरची वाट धरली. दुसरा तुकडा रंगरावांनी आपला वळू बांधायला नेला. त्या दिवशी मोकाशांच्या घरचा शिधा महाराजांनी दारातूनच परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी रंगराव आपली नवी विहीर बघायला गेले. काठावर उभे राहून गड्यांवर ओरडत असताना काठ ढासळला, आणि गड्यांच्या दोरांसकट ते खाली गेले. पोहता येत नव्हते. एका कपारीला धरून ते लोंबकळत राहिले. ओरडा ऐकून महाराज आले, येसबाही आपला तुकडा खांद्यावर टाकून धावत आला. त्याने दोर सोडला. तो रंगरावांच्या हातापासून पुरुषभर वरच राहिला.

येसबाच्या मनात आले, त्यानंच कापलाय, आता त्याचं तो बघंल.

"येसबा, मन कुठं आहे?" महाराजांनी विचारले.

"कालच्या कोयत्यापाशी, महाराज."

"मग आण परत."

येसबाने सगळा दोर वर ओढून घेतला. लोक म्हणाले, याला वेड लागलं, माणूस मरतोय आणि हा दोर काढून घेतोय. येसबाने डोळे मिटले. काल पोटात गिळलेला राग तिथे त्याने खरोखर सोडला. मग नाम घेत तोच दोर पुन्हा खाली सोडला, आणि काय सांगावे, तो खालच्या पाण्याला टेकला!

रंगराव वर आले. त्यांनी दोर चाचपून पाहिला. एका टोकाला कोयत्याचा घाव तसाच होता. ओल्या अंगाने ते घरी धावले. वळूच्या गळ्यात दुसरा तुकडा जिथल्या तिथे होता. तो सोडवून घेऊन ते परत आले आणि महाराजांच्या पायांवर पडायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"काल तुम्ही माझं काही कापलं नव्हतं," महाराज म्हणाले.

रंगराव येसबाकडे वळले. ज्याची सावलीही ते टाळत, त्याच्या पायांवर त्यांनी भर गर्दीत डोके टेकले.

"मला लागेल का रे तसली झोप?"

येसबाने त्यांना उठवून बसवले आणि वळूच्या गळ्यातला तो तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. "आधी हा उलगडा, मालक," तो म्हणाला. "मग वळायला मी शिकवतो."