टेंभाईचा पिवळा खडा

गारपिंपळीच्या टेकडीवर जपून चालायचं, पाव्हणं. या गारगोट्यांच्या कडा पायाला कापतात. सगळी टेकडी अशी जांभळी, आणि देवळातल्या टेंभाईच्या कपाळावरचा खडा तेवढा हळदीसारखा पिवळा. तोही मुळात जांभळाच होता म्हणे, याच टेकडीतला.

फार मागं देवीचं मखर लाकडाचं होतं. एका संध्याकाळी समई कलंडली आणि मखर पेटलं. निखारे सकाळपर्यंत धुमसत होते. राख निवाल्यावर म्हाळू गुरवानं मूर्ती उकरून काढली, पुसली, तर कपाळावर पिवळा खडा. गाव बघतच राहिलं. मग कुणीतरी हळूच म्हणालं, “राखेत पहिला हात कुणाचा गेला?”

तेवढं पुरलं. म्हाळूची बायको धुरपदा पाणवठ्यावर आली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. आगीच्या आधल्या बाजाराला म्हाळू सोनाराच्या ओट्यावर बसलेला कुणीतरी पाहिला होता. येताना त्यानं बायकोला लुगडं आणलं, तेही आता लोकांच्या डोळ्यांवर आलं.

धुरपदेच्याही मनात पाल चुकचुकली. सोनाराकडं कशाला गेला होतात, असं तिनं विचारलं, तर म्हाळू म्हणाला, “देवीच्या नथीचा फासा सैल झाला होता.” नथ तर आगीत वितळून गेलेली. खरं-खोटं करायचं कसं? तो देवळात गेला की ती कणगीत हात घालून बघायची, चुलीमागची माती उकरायची. हाती काही लागेना आणि संशय काही जाईना. शेवटी तो जेवत असताना तिनं विचारलंच, “खरं सांगा, खडा कुठं ठेवलाय?”

म्हाळू ताटावरून उठला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

पाटलानं दिव्य ठरवलं. उकळत्या तेलातून म्हाळूनं उजव्या हातानं लोखंडाचा तुकडा काढायचा. हात भाजला नाही तर तो खरा. सकाळी सारं गाव चावडीपुढं जमलं. धुरपदा गेली नाही. नवऱ्यानं खडा देवळातच पुरला असणार, अशी तिची खात्री होती, आणि आता तिकडं कुणी नव्हतं. ती मखराच्या जागेवरची माती उकरू लागली. मखराच्या पायथ्याशी टेकडीवरच्याच मोठमोठ्या गारगोट्या बसवलेल्या होत्या. त्यांतली एक उपटून निघाली, ती धुरपदेनं उजेडात धरली. ओल्या मातीत रुतलेला भाग जांभळा होता, आगीकडचा भाग पिवळा. तिनं दुसरी काढली. तीही तशीच.

ती गारगोटी घेऊन हाका मारत धावत सुटली. चावडीशी पोचली तेव्हा म्हाळूचा हात कढईत जाऊन बाहेर आला होता.

पाटलानं गारगोटी धोतराला घासली, नखानं खरवडली. त्याचा विश्वास बसेना. त्यानं टेकडीवरून एक जांभळी गारगोटी आणवली आणि आपल्या डोळ्यांदेखत लोहाराच्या भट्टीत, राखेत पुरून तापवली. निवाल्यावर पिवळीच निघाली. आता अलीकडं कॉलेजातले लोक येऊन सांगून गेले की या दगडात लोखंडाचा अंश असतो. जांभळा रंग त्याच्यामुळंच, आणि चांगली आच लागली की दगड पिवळा होतो तोही त्याच्यामुळंच. दागिन्यांतले कितीतरी पिवळे खडे असे तापवूनच केलेले असतात म्हणे. तेव्हा हे गारपिंपळीत कुणाला ठाऊक?

पाटलानं ती पिवळी गारगोटी चावडीपुढं सगळ्यांना दाखवली. म्हाळूनं बायकोला विचारलं, “तू कुठं होतीस?”

“तुम्ही पुरलेला खडा शोधत होते,” धुरपदा म्हणाली. ती खोटं बोलली नाही, असं सांगतात.

 म्हाळूनं तो भाजलेला हात तिच्यापुढं धरला. तिनं पदर फाडून बांधला.

त्या हाताची आखडलेली बोटं पुन्हा कधी उघडली नाहीत. म्हाळू डाव्या हातानं पूजा करू लागला, आणि हे अशुभ आहे असं कुणी पुटपुटलं, तर पाटीलच त्याला गप्प करायचा.

आजही टेंभाईला गंध लागतं ते डाव्या हातानंच. गुरवाचा उजवा हात तेवढा वेळ फडक्यात बांधलेला असतो, आणि तो बांधायचा मान त्याच्या बायकोचा. बांधून होईपर्यंत ती मान वर करत नाही.