जानबाने राखलेला माळ

फार मागची गोष्ट. डोंगराखालच्या माळावर रानातली सगळी पोरं खेळायची. त्या माळाची राखण जानबा नावाच्या म्हाताऱ्या भेकराकडे होती, आणि पोरांवर त्याचा फार जीव होता.

एकदा वेलीच्या झोक्यावरून पडून सशाच्या पोराचा पाय मोडला. त्याची आई जानबाला नाही नाही ते बोलली. ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने झोका तोडला, चढायच्या खडकावर काटे पसरले आणि ओढ्याचा डोह दगडांनी बुजवून टाकला.

"आता इथे कुणाला साधं खरचटणारही नाही," तो म्हणाला.

"मग आम्ही इथे करायचं काय?" वानरीच्या बकुळीने विचारलं.

"बसा की गप्पा मारत."

पोरं दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवसापासून ती पलीकडच्या दरडीवर घसरगुंडी खेळायला जाऊ लागली. जानबाला ते कळलं, पण दरड आपल्या राखणीत येत नाही, असं मनाशी म्हणून तो गप्प राहिला.

आठवड्याने दरड कोसळली. बकुळी मातीखाली सापडून मेली.

जानबा वानरीपुढे मान खाली घालून उभा राहिला.

"पोरं तिथे जातात, हे तुम्हाला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"होतं."

वानरी पाठ फिरवून निघून गेली.

त्यानंतर जानबा रोज सकाळपासून त्या दरडीपाशी राखणीला उभा राहू लागला. तिकडे आता एकही पोर फिरकत नव्हतं.