सुकं खाचर आणि चिखलातले व्याही

सांगा बरं, सोयरीक जुळवायची तर कोणावर भरवसा ठेवाल? ज्याच्या भातखाचरात पाणी बांधाला लागलंय त्याच्यावर, की ज्याने आपलं पाणी सोडून दिलंय त्याच्यावर?

फार पूर्वी कांतिपूर नगरीत सुतनू राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तळ्याकाठच्या वरच्या गावात भाताचे व्यापारी म्हणून जन्माला आले होते. नाव शालिक. तळ्याचं पाणी पाटात सुटतं त्या मोरीलगतची पहिली खाचरं त्यांचीच, आणि कोठारही शिगोशीग भरलेलं.

राजा मनाचा मोठा. त्याने दवंडी पिटवली होती, तळ्याचं पाणी ज्याला हवं त्याने हवं तेवढं घ्यावं. झालं! त्या मुलखात सोयरिकीला आलेला पाहुणा आधी बांधावर उभा राहून खाचरातलं पाणी बघे, मगच ओसरीवर येई. त्यामुळे वरच्या गावात जो तो खाचर काठोकाठ भरून ठेवी, भाताला गरज असो वा नसो. खालच्या गावात मात्र पाट कोरडा. त्या साली पावसाने ओढ दिली आणि तिथला तरवा, म्हणजे लावणीची रोपं, पिवळा पडू लागला.

खालच्या गावची उज्जला शालिकांकडे आली. "शेठ, आणखी थोडे दिवस असेच गेले तर तरवा गुरांपुढं टाकावा लागेल. मग पोरांना वर्षभर काय घालू?"

मुनीम शालिकांच्या कानाशी लागला. "खालचं पीक गेलं की आपल्या कोठाराला सोन्याचा भाव. शिवाय उद्या केतकीताईंना बघायला धनिलशेठ येताहेत. पाणी हलवू नका."

केतकी शालिकांची लेक. धनिलशेठांच्या मुलाने तिला पसंत केलं होतं, तिनेही त्याला. राहिला होता तो सासरा.

शालिक हसले. "अहो, माझ्या कोपऱ्यातल्या बांधाला एक खेकडा दर साली भोक पाडतो. पाणी टिकत नाही म्हणून मी त्याला शिव्या देतो, आणि भरघोस लोंब्या नेमक्या त्याच कोपऱ्यात येतात! मुळांना मधूनमधून श्वास मिळाला की भाताला फुटवे येतात. आपलं पीक काही मरत नाही. आणि भाव पडला तर पडू दे. उपाशी गावाला भात विकून श्रीमंत व्हायची मला हौस नाही." मग लेकीकडे वळून म्हणाले, "पण तुझी सोयरीक अडेल गं."

"बाबा, पाणी बघून परत फिरणारा सासरा मला जेवायलासुद्धा मोजून वाढेल. सोडा पाणी."

शालिकांनी स्वतः फावडं घेतलं, आपल्या खाचरांत साचलेलं पाणी पाटात सोडलं, त्यांची तोंडं बुजवली आणि पाट खाली मोकळा केला.

दुसऱ्या दिवशी धनिलशेठ बांधावर उभे राहिले. "अहो, तुमच्या शेतातून बेडूकसुद्धा गाव सोडून गेले की! दिवाळं निघालं का?" ओसरीवर न चढताच त्यांनी गाडी वळवली. गाडीतला मुलगा मान वळवून मागेच बघत राहिला.

वाट खालच्या गावातून जात होती. तिथे गाडी चाकापर्यंत चिखलात रुतली. शेतात लावणीला सारं गाव उतरलं होतं, गाणी रंगात आली होती.

"पाव्हणं, उतरा आता," उज्जला ओरडली. "गाडी निघेस्तोवर मूठभर रोपं तरी लावा!"

धनिलशेठ उतरले ते गुडघाभर चिखलात. "बाई, एवढं पाणी आलं कुठून?"

"शालिकशेठांनी आपली खाचरं सुकी ठेवून दिलं. लेकीची सोयरीक मोडायची पाळी आली, तरी दिलं. तो शहाणा व्याही कोण, तेवढा एकदा बघायचाय आम्हाला."

धनिलशेठ खो खो हसत सुटले. "बघा बाई, नीट बघून घ्या. तो मीच!"

साऱ्या गावाने हसत हसत गाडी चिखलातून ओढून काढली आणि तोंड वरच्या गावाकडे करून दिलं. सांजेला धनिलशेठ शालिकांच्या दारात उभे होते. "व्याही, चिखलासकट आत घेता का?"

कापणीला दोन्ही गावांची खळी भरली. शालिकांच्या सुक्या खाचरात तर लोंब्यांच्या भाराने भाताची ताटं वाकली होती. लग्नाला आलेल्या राजाने हे पाहिलं आणि मांडवातूनच नवी दवंडी दिली: पाणी पाळीने मिळेल, पहिली पाळी पाटाच्या टोकाच्या शेताची. तेव्हापासून सोयरिकीचे पाहुणे आधी खालच्या गावात चौकशी करू लागले.

तो राजा म्हणजे आजचा शिष्य आनंद, केतकी म्हणजे उत्पलवर्णा, चिखलात उतरलेले धनिल म्हणजे उदायी, आणि शालिक म्हणजे स्वतः शास्ता, भगवान बुद्ध. या जन्मी त्यांनी दानपारमिता, म्हणजे दानाची पराकाष्ठा, पाळली.

श्रोतेहो, एवढीच विनंती. हिशोब मांडताना विकलेलं भात तुम्ही लिहालच, पण घेतलेलं पाणीही खरं लिहा.