झाकलेले कान

"पण लोक असलं खरं मानतातच कसं?"

वृंदाचा आवाज चढला. बाहेर मठाच्या ओसरीवर सासरे बसले आहेत हे आठवलं, तसा तो लगेच उतरलाही.

समोर कमळाई बसल्या होत्या. त्या मठातल्या वृद्ध संन्यासिनी. वृंदाच्या सासऱ्यांचा, अण्णांचा, त्यांच्यावर देवापेक्षा अंमळ जास्तच विश्वास.

वृंदानं सगळं सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नणंदेला, शीतलला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं होतं. पहिल्या रात्री चादरीला डाग पडला नाही, एवढाच तिचा गुन्हा. आता अण्णा व्याह्यांचे पाय धरायला निघाले होते. जाता जाता मठात नमस्काराला थांबले होते.

"कित्येकींना रक्त येतच नाही, कमळाई. त्यावरून काही म्हणजे काही ठरत नाही."

हे बोलताना तिनं मांडीवर झोपलेल्या तान्ह्या लेकीच्या कानावर हात ठेवला होता.

कमळाईंनी तो हात पाहिला.

"हे तुला कुठून कळलं?"

"मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रजननाचा धडाच आहे."

"शिकवतेस तो?"

वृंदानं दुसऱ्या हातानं लेकीचं दुपटं सारखं केलं.

"वृंदा?"

"मुलांना घरी वाचून यायला सांगते."

कमळाईंची नजर पुन्हा त्या हातावर गेली.

"तुम्ही सांगा ना अण्णांना. तुमचं ऐकतील ते. शीतलचा काही दोष नाही हो."

कमळाईंनी बाहेर हाक दिली. "अण्णा, जरा आत या. सूनबाईंना काही सांगायचंय."

अण्णा आले. टोपी काढून हातात धरलेली. दोन दिवसांत माणूस पार वाळून गेला होता.

"काय गं पोरी?"

अख्खा धडा वृंदाच्या ओठांवर आला, आकृत्यांसकट.

"काही नाही अण्णा... ऊन फार आहे. टोपी घालून जा."

अण्णांनी मान हलवली. टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर गेले.

कमळाई वृंदाकडे वळल्या.

"लोक का मानतात, असं विचारत होतीस..."

वृंदाची मान खाली गेली. तिचा हात अजून लेकीच्या कानावरच होता.

कमळाईंनी तो अलगद उचलून बाजूला केला. पोरीला आपल्या मांडीवर घेतलं. मग दाराकडे पाहिलं.

"जा. त्यांनी अजून चपला घातल्या नाहीत."