हिरव्या खड्यांची पंगत

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. ज्या मावशीने ती मला सांगितली, तिने आधी दार लावून घेतलं होतं. मग बजावलं होतं की जेवायला बसलेल्या माणसापुढे ही गोष्ट काढू नकोस, आणि न जेवलेल्यापुढे तर मुळीच नको. मग उरतं कोण, असं मी विचारलं नाही. मी फारसं काही विचारत नाही. पण तुम्ही आलाच आहात, तर ऐका.

एका राज्यात मणिकंठ नावाचा राजा होता. राज्य सुखाचं होतं. गाई उदंड, विहिरींना पाणी, कोठारं भरलेली. तिथे एकच गोष्ट नव्हती. राजाच्या पंगतीत ‘पुरे’ हा शब्द नव्हता.

राजघराण्यातल्या कुणाला तो उच्चारताच येत नसे. ओठ मिटत, पुन्हा उघडत, आणि शब्दाच्या जागी नुसता श्वास बाहेर पडे. त्यामुळे वाढपी वाढतच राहत. राजाने पानावर हात आडवा धरला, तर त्या हातावर तूप ओतत, कारण हातावर ओतणं हा तिथला मान होता. जेवणारा जितका मोठा, तितकी तुपाची धार लांब.

त्या घराण्यातल्या एकाही राजाने पन्नाशी पाहिली नव्हती. उजव्या बरगडीखाली कळ उठे, पाठीतून खांद्यापर्यंत चढे, डोळे पिवळे होत, आणि एक दिवस राजा पानावरून उठतच नसे. चिता विझली की राखेत एक हिरवा खडा सापडे, गुळगुळीत, सुपारीएवढा. लोक म्हणत, राजाच्या पोटी रत्न पिकतं. तो खडा सोन्यात मढवून कंठ्यात ओवत आणि कंठा नव्या राजाच्या गळ्यात घालत. मणिकंठाच्या गळ्यात असे सात खडे होते. शांत दुपारी, राजा जराही हलला नाही तरी, ते एकमेकांवर आपटत.

राजाला मंदारिका नावाची एकच मुलगी होती, आईवेगळी, अबोल. एका दुपारी ती वडिलांच्या पायाशी बसलेली असताना कंठ्यातले खडे वाजले. टक, टक, सात वेळा. मग राजाच्या पोटातून आठवा आवाज आला.

राजा कळवळून वाकला. कळ ओसरल्यावर त्याने मंदारिकेला गळ घातली, की कुणाला कळू देऊ नकोस. तीन दिवसांवर राज्यारोहणाचा वार्षिक सोहळा आहे, सारं राज्य पंगतीला येईल.

मंदारिका मुदपाकखान्यात गेली. तिथला मुख्य आचारी सोमाजी. त्यानेच तिला लहानाची मोठी केली होती, तुपाचं बोट चाटवून झोपवलं होतं, आणि हे तो भेटेल त्याला सांगत असे. तिने त्याला विनवलं, काका, महाराजांच्या पानात तूप घालू नका.

सोमाजीने हातातलं ओगराळं खाली ठेवलं. “ताईसाहेब, कोरडं अन्न शत्रूला वाढतात. महाराजांनी माझं काय वाईट केलंय?”

आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. मंदारिका माघारी फिरली.

ती राजवाड्याबाहेर पडली आणि आटलेल्या नदीत उतरली. डोक्यावर टळटळीत दुपार होती. सावली पायाखाली गेलेली. तेवढ्यात एक टिटवी म्हणाली, “पाय जपून टाक. माझी अंडी आहेत.”

मंदारिकेने खाली पाहिलं. म्हणाली, मला तर नुसते खडेच दिसतात.

“तुझ्या घराण्याची तीच खोड,” टिटवी म्हणाली. “कुठला खडा कशाचा, हे तुम्हाला कळत नाही. तुम्ही गळ्यात घालता ते रत्न नव्हे. ते माणसाच्या पित्ताच्या पिशवीत थिजलेलं तूप आहे. चल, जिचं आहे तिच्याकडे नेते.”

टिटवी पुढे चालली, मंदारिका मागे. नदीच्या वळणावर, उन्हात, एक जोगीण मांडी घालून बसली होती. तिच्या पुढ्यात पान वाढलेलं होतं, आणि त्या पानावर पांढऱ्याफटक तुपाचा थर होता. असल्या उन्हातही तो वितळत नव्हता.

जोगीण पापणी न हलवता बोलू लागली. सात पिढ्यांमागे या घराण्याच्या मूळपुरुषाने तिला जेवायला बसवलं होतं. ती तीनदा ‘पुरे’ म्हणाली. तो हसला आणि तिन्ही वेळा तिच्या हातावर तूप ओतलं. तेव्हा तिच्या तोंडून शाप गेला, की जो शब्द तू ऐकला नाहीस, तो तुझ्या कुळात कुणाच्या जिभेवर चढणार नाही. पण तो शब्द कुणी ऐकलाच नव्हता, म्हणून तिचंही जेवण संपलं नव्हतं. ती पानावरून उठू शकत नव्हती. तेव्हापासून इथेच होती.

“तीन कामं आहेत,” ती म्हणाली. “राजाला माझ्यासारखं नको, माणसासारखं जेवू घाल. कंठा माझ्या पानावर आणून ठेव. आणि पंगतीत माझा शब्द ऐक. तो कुणी बोलणार नाही. तरी ऐक.”

मंदारिकेने विचारलं, नाही ऐकू आला तर?

“तर राखेतून आठवा खडा उचल.”

पहिलं काम सोपं वाटलं होतं. मंदारिकेने तांदूळ वैरले, मुगाची डाळ शिजत घातली. पण राजवाड्यातली भांडी सात पिढ्या तूप प्यालेली. विस्तवावर चढली की त्यांच्या अंगातून तूप पाझरे आणि वरणावर तवंग येई. तीनदा वरण ओतून दिल्यावर ती कुंभाराकडे गेली आणि कोरं मडकं घेऊन आली. त्यात मऊ भात केला, फोडणी न दिलेलं वरण केलं, दुधी वाफवला, लोणी काढलेलं ताक घेतलं. थोडंथोडंच वाढलं, पण वेळ चुकवली नाही. राजा म्हणाला होता, त्यापेक्षा मी उपासच करतो. तेही तिने होऊ दिलं नाही. टिटवीने तिला सांगितलं होतं, की रिकाम्या पोटी पित्त पडून राहतं आणि पडून राहिलेलं थिजतं.

राजा मुकाट्याने जेवला. गळ्यातले खडे वाजले. पोटातून उत्तर आलं नाही.

सोमाजी दाराशी उभा राहून हे पाहत होता. तो वाढप्याला ऐकू जाईल असं म्हणाला, की आता महाराजांना कोंडाही घाला, म्हणजे दूध देतील.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर राजाला झोप लागली. कित्येक महिन्यांनी लागली. एरवी कंठा त्याच्या गळ्याला घट्ट रुतलेला असे, त्याला फासा नव्हता. आत पोट निजलं तसे बाहेरचे खडेही निजले आणि कंठा सैल झाला. मंदारिकेने तो डोक्यावरून काढला. खडे उबदार होते, नुकत्याच उठलेल्या पक्षिणीच्या अंड्यांसारखे. ती नदीपर्यंत पळत गेली आणि तिने कंठा जोगिणीच्या पानावर ठेवला. तुपाच्या थराला एक बारीक तडा गेला.

जोगीण म्हणाली, “दोन झाली.”

तिसऱ्या दिवशी पंगत बसली. भर दुपारी, मांडवात, हजार पानं. रिवाजाप्रमाणे राजाच्या डाव्या बाजूला पूर्वजांसाठी सात पानं मांडली होती. त्यांवर वाढलेलं अन्न दरवर्षी आपोआप संपे. त्याचं कुणाला नवल वाटत नसे.

मंदारिका मांडवाच्या खांबाशी कान देऊन उभी राहिली. हजार माणसांचं बोलणं चाललं होतं, पण त्यात तो शब्द नव्हता. सोमाजी तुपाचं भांडं घेऊन आला. प्रजा बघत होती. मुलीचं कौतुक दोन दिवस चाललं, आज रिवाज होता. राजाने पानावर हात आडवा धरला. त्याचे ओठ मिटले, उघडले, आणि श्वास तेवढा बाहेर आला.

मंदारिकेने घाबरून नजर वळवली आणि तिला पूर्वजांची सात पानं दिसली.

प्रत्येक पानावर एकेक हात आडवा धरलेला होता. त्या हातांना मनगटामागे माणूस नव्हता. राखेच्या रंगाचे हात, बोटं ताठ, तळवे पानाला टेकलेले. प्रत्येक हाताच्या पाठीवर भाजल्याचे जुने डाग होते. सात पिढ्या ते असेच धरलेले होते, आणि सात पिढ्या लोक त्यांच्यावर ओतत आले होते.

तेव्हा मंदारिकेने तो शब्द ऐकला. मांडवात तो एवढ्या मोठ्याने चालला होता, की आपल्याला आजवर ऐकू कसा आला नाही, याचीच तिला भीती वाटली.

तो तिलाही उच्चारता येत नव्हता. तीही त्याच घराण्यातली. तिने पुढे होऊन राजाच्या हातावर आपला हात ठेवला. कढत तुपाची पहिली धार तिच्या हातावर पडली. तिने हात काढला नाही.

“काका,” ती म्हणाली, “यांनी सांगितलंय. मी ऐकलं. भांडं खाली ठेवा.”

सोमाजीने तिच्या हाताकडे पाहिलं. कातडी लाल होत चालली होती. जिला त्याने तुपाचं बोट चाटवून झोपवलं होतं, तिचाच हा हात. त्याने भांडं जमिनीवर ठेवलं. त्या राज्यात पंगत चालू असताना तुपाचं भांडं जमिनीला टेकण्याची ती पहिली वेळ.

“पुरे,” राजा म्हणाला.

तो हळूच म्हणाला, पण हजार माणसांनी ऐकलं. सात पानांवरचे हात एकेक करून मिटले आणि गेले. त्याच वेळी नदीत जोगिणीच्या पानावरचं तूप वितळून वाळूत जिरलं. कंठ्यातल्या खड्यांची माती झाली. जोगीण उठली, तिने पान उचललं, आणि टिटवीच्या अंड्यांना वळसा घालून निघून गेली. तिला पुन्हा कुणी पाहिलं नाही.

राजाच्या पोटातला खडा गेला नाही. तो निजला. राजा ठरल्या वेळी, बेताचं जेवत राहिला आणि तो खडा निजूनच राहिला. राजाचे केस पांढरे झाले. त्या घराण्यात पांढऱ्या केसांचा राजा लोकांनी पहिल्यांदाच पाहिला. मंदारिकेच्या हातावर व्रण राहिला. वाढपी आता विचारून वाढू लागले, आणि हात आडवा आला की थांबू लागले.

महिनाभराने एका दुपारी सोमाजी राजाच्या पानाशी येऊन बसला. म्हणाला, महाराज, वीस वर्षं मी तुम्हाला वाढलं, पण तुम्हाला मनापासून काय आवडतं, हे मी कधी विचारलंच नाही. राजा विचारात पडला, कारण त्याला ते कुणीच विचारलं नव्हतं. मग तो हसला. म्हणाला, “सोमाजी, अगदी लहान होतो तेव्हापासून मला एकच…”

आले गं आई, आले. मला जायला हवं, ताटं घ्यायची आहेत. एवढं मात्र सांगते, राजाने जे मागितलं ते सोमाजीने आयुष्यात कधी केलं नव्हतं, त्याला ना तूप लागत होतं ना साखर, ते होतं आपलं साधं…